बूट राहू द्या हो काकू

"बूट राहू द्या हो काकू, तशाच या आत," वहिनीची बहीण म्हणाली आणि आई दारातच थांबली. सांगलीच्या विश्रामबागेत चुलतभावाने नवा फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी, रांगोळीच्या कडेने चपलांचा ढीग, आतून होमातल्या तुपाचा वास आणि डोळे चुरचुरवणारा धूर. आईच्या पक्षाघात झालेल्या डाव्या पायात पोटरीपासून बोटांपर्यंत पाऊल सरळ धरणारा पांढरा प्लास्टिकचा ब्रेस, त्यावर पुरुषी मापाचा काळा स्पोर्ट्स शूज आणि अंगावर ठेवणीतलं हिरवं इरकल. वहिनीची बहीण मनापासून बोलत होती. फरशी काय, नंतर पुसता येते, असंही म्हणाली. आईने एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा आत पाटावर बसलेल्या जोडप्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी इथेच बसते गं. वारा छान येतोय इथे." मग लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची खुर्ची आली. हळदीकुंकू बाहेर आलं, तीर्थप्रसाद बाहेर आला, शेवटी जेवणाचं ताटही बाहेर आलं. येणारी प्रत्येक बाई आईशी दोन शब्द बोलायची, चपला काढायची आणि आत जायची.

लिफ्टसमोर वारा अजिबात नव्हता.

घरी आल्यावरही ते माझ्या डोक्यातून जाईना. बूट काढल्याशिवाय आत यायचं नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. इथे सुनावणार कुणाला? सगळे प्रेमानेच बोलावत होते. पण आईला सवलत नको होती. पूजा चाललेल्या घरात पायात काही न घालता जायचं, एवढंच तिला हवं होतं आणि तेवढंच तिला शक्य नव्हतं. त्या गुळगुळीत टाइल्सवर ब्रेसशिवाय ती दोन पावलंही धड टाकू शकली नसती. रिक्षापासून लिफ्टपर्यंत ती आली ती ब्रेसच्या जोरावर, आणि बाहेर बसली तीही ब्रेसमुळेच. तेव्हापासून मी पावलांकडे फार बघायला लागले आहे. आपल्याकडे माणूस दिवसातून किती वेळा पायातलं काढतो आणि घालतो, हे मी याआधी कधी लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं. घराचं दार, देवघर, देऊळ, शेजारणीचं स्वयंपाकघर, सतरंजी अंथरलेला हॉल. पायताण ही बाहेरच्या जगाची वस्तू. घर अनवाणीच चालायचं असतं.

आईचं माहेर राजापूरकडचं. शेणाने सारवलेलं खळं, पावसात शेवाळलेली पाखाडी, बांधावरून तोल सावरत शाळेत जायचं, असं ते बालपण. लग्न होऊन सांगलीत आली तरी चप्पल फक्त बाजारात जाताना. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. कुठल्या फरशीची कड उचलली गेली आहे, मोरीजवळची कुठली फरशी ओल धरते, हे आईला पायाने ठाऊक होतं. स्वयंपाकघरात कुणी साखर सांडली की न बघता म्हणायची, "कुणी सांडली गं साखर? मुंग्या येतील." मामा दरवर्षी कोकमाचं तेल पाठवायचा, गोळ्यासारखं घट्ट. रात्री सगळं आवरलं की आई भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायची, तो गोळा दिव्यावर धरून वितळवायची आणि टाचांच्या भेगांत चोळायची. किंचित आंबूस, किंचित धुरकट असा तो वास म्हणजे माझ्यासाठी झोपेची वेळ. आईचे पाय सुंदर नव्हते. रुंद, पसरट, खरखरीत होते, आणि ती त्यांच्यावर उभी राहिली की हलणार नाही असं वाटायचं.

झटका आला त्या सकाळबद्दल इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना ती सकाळ ठाऊक आहे, बाकीच्यांना ती न कळलेलीच बरी. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि शरीराची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली. मिरजेच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष हाताकडे आणि वाकड्या झालेल्या तोंडाकडे होतं. पायाकडे कुणी फारसं पाहत नव्हतं, कारण तो चादरीखाली होता. मी पहिल्यांदा नीट पाहिला तो स्पंज करताना. पाऊल खाली लोंबलेलं आणि आत वळलेलं, करंगळीकडची कड जमिनीकडे, टाच वर ओढलेली, बोटं तळव्याकडे मुडपलेली. तेच रुंद पाऊल, त्याच भेगा, पण पावलाचा आकार माझ्या ओळखीचा नव्हता.

एक दिवस आत्या आली होती. मी आईचं पाऊल तळव्याने वर ढकलत होते आणि एकदम ते थरथरायला लागलं. खाली-वर, खाली-वर, ठेका धरल्यासारखं. आत्या ओरडलीच, "अगं बघ, हलला! पाय हलला!" बाबा आतून धावत आले. आईच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला आजही सांगता येत नाही, कारण पाय हलताना दिसत होता तरी तिला हलवल्यासारखं वाटत नव्हतं. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. त्यांनी पाऊल एकदाच झटक्यात वर दाबून पाहिलं, थरथर मोजली आणि ते थांबवायचं कसं ते दाखवलं: गुडघा वाकवा, टाच जमिनीला टेकवा, वरून हळू वजन द्या. याला क्लोनस म्हणतात, मेंदूचा ताबा सुटलेल्या पोटरीचं हे प्रतिक्षिप्त थरथरणं आहे, काकूंनी केलेली हालचाल नाही, हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं. आत्या त्या रात्री जेवली नाही. पुढे असे अनेक जण आले आणि प्रत्येकाकडे काहीतरी होतं. कुणी पारवा खायला घाला म्हणालं, कुणी अमुक गावच्या तेलवाल्याचं नाव दिलं, कुणी करंट लावून घ्या म्हणालं. या माणसांवर मला रागावता येत नाही. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत, आणि ते आपापल्या परीने ती पाळत होते.

मॅडम पंचविशीच्या. स्कूटरवरून यायच्या, डिकीतून चेंडू, पट्टे आणि एक उतरती लाकडी फळी काढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले, अंगठा दोन बाजूंनी चिमटीत धरला आणि हलवला. "काकू, अंगठा वर आहे की खाली?" आई म्हणाली, "वर." तो खाली होता. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. मधूनच बरोबर यायचं, पण आई अंदाजाने सांगतेय हे दिसत होतं. फरशीवर सांडलेली साखर ओळखणारा तो पाय. मॅडम म्हणाल्या, ताकद हा अर्धाच प्रश्न आहे. पाऊल कुठे आहे याची खबर मेंदूला जात नाही, म्हणून काकूंना प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघत टाकावं लागतं. आई अजूनही चालताना मान खाली घालून चालते. लोकांना वाटतं ती खचली आहे. ती फक्त आपला पाय कुठे पडतोय ते बघत असते.

आईला सगळ्यात अवघड गेली ती वेगळीच गोष्ट. पोटरीला ताण द्यायला मॅडम जमिनीवर बसायच्या, आईची टाच आपल्या तळहातात घ्यायच्या आणि तळवा आपल्या बाहूला टेकवून सगळं अंग पुढे झुकवायच्या. आईचा पाय दुसऱ्याच्या अंगाला लागत होता. दर वेळी आई उजवा हात पुढे करून मॅडमच्या खांद्याला स्पर्श करायची आणि तो हात कपाळाला लावायची. "काकू, नका हो करू असं, तुमचा तोल जातो," मॅडम म्हणायच्या. आई हो म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा करायची. मग मॅडमनी त्या हात पुढे करण्याचाच व्यायाम करून टाकला. त्या मुद्दाम डावीकडे सरकून बसायला लागल्या, म्हणजे नमस्कारासाठी आईला डाव्या कुल्ल्यावर वजन घेत वाकावं लागे. आईच्या ते कधी लक्षात आलं की नाही ठाऊक नाही. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो, तो कुठल्या पदवीपोटी वाटला नसता.

पाऊल असं का पडतं, हे त्यांनीच आम्हाला समजावलं. नडगीच्या पुढच्या बाजूला एक स्नायू असतो, तो पाऊल वर उचलतो. तो दुबळा पडला की चालताना पुढचं पाऊल जमिनीला घासतं. मागे पोटरीचे स्नायू, ते मेंदूच्या ताब्यातून सुटले की घट्ट होत जातात आणि पावलाला खाली आणि आत ओढतात. मग माणूस पाय घासू नये म्हणून कंबर उचलतो आणि अख्खा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणतो. पक्षाघात झालेला माणूस लांबूनही ओळखू येतो तो या चालीवरून. बरं होण्याचा क्रमही साधारण वरून खाली येतो: आधी खुबा, मग गुडघा, घोट्याची पाळी सगळ्यात शेवटी. महिन्यांमागून महिने आईची मांडी ऐकत होती, गुडघा थोडाथोडा ऐकत होता आणि पाऊल तसंच लोंबत होतं. मेंदू सावरण्याचा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जास्त असतो असं कळल्यावर बाबांनी कॅलेंडरकडे बघणंच सोडून दिलं.

व्यायाम म्हणावे तर फार साधे होते. पलंगावर गुडघे दुमडून कंबर उचलायची. खुर्चीवर बसून टाच जमिनीला टेकलेलीच ठेवायची आणि फक्त बोटांकडचा भाग उचलायचा प्रयत्न करायचा, उचलला न गेला तरी करायचा. खुर्चीतून उठताना डावं पाऊल उजव्याच्या थोडं मागे ठेवायचं, म्हणजे उठताना वजन आपोआप डाव्यावर येतं. हा एवढासा बदल, पण तो केल्यावर आईच्या मांडीचा स्नायू पहिल्यांदा कापडाखालून उठलेला दिसला. त्या लाकडी फळीवर भिंतीला हात लावून उभं राहायचं, पोटरी ताणली जाईपर्यंत. तळव्याची जाणीव जागी करायला वेगवेगळे पृष्ठभाग: खरखरीत पंचा, काथ्याचं पायपुसणं, थंड लादी. मॅडम म्हणाल्या, परातीत तांदूळ घ्या आणि त्यात पाय फिरवा. आईने ठाम नकार दिला. अन्नात पाय घालणार नाही म्हणजे नाही. मॅडमनी एका शब्दानेही वाद घातला नाही. बाबा समोरच्या बांधकामावरून वाळू घेऊन आले, पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली, धुतली आणि गच्चीवर वाळवली. दुपारी उन्हाने कोमट झालेल्या त्या वाळूत आईचा पाय ठेवला की ती डोळे मिटून बसायची. "कळतंय का काही?" बाबा विचारायचे. बरेच दिवस उत्तर एकच असायचं: "थोडं." एकदा ती म्हणाली, "यात एक खडा आहे." बाबांनी वाळू उपसून खडा शोधून काढला आणि खिशात ठेवला.

ताण देण्याबद्दल मी पुढे बरंच वाचलं आणि वाचून अस्वस्थ झाले. नुसता ताण दिल्याने सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असं वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात आहे, निदान सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाबद्दल तरी. रोज सकाळ-संध्याकाळ मी तेच तर करत होते. मी जरा चिडूनच मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मी ताण देऊन थांबत नाही. पोटरी सैल झाली की लगेच उभं करते. मिळालेली ढील त्याच मिनिटाला वापरली पाहिजे, नाहीतर ती परत जाते." तेव्हापासून आमच्याकडे ताण झाला की उभं राहायचं, उभं राहिलं की वजन इकडून तिकडे न्यायचं, असा क्रम आहे. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'अटेंड' नावाचा एक अभ्यास छापून आला होता, भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवरचा. घरच्या माणसाला शिकवायचं आणि घरीच व्यायाम करून घ्यायचे, त्याने फरक पडतो का, हे त्यात पाहिलं होतं. पडला नाही. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत, ४७ टक्के माणसं एकतर दगावली होती किंवा दुसऱ्यावर अवलंबून होती. ते वाचून मी रात्री बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. मग वाटलं, यात वाईट वाटण्यापेक्षा राग यायला हवा. घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या की शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची गरज संपते, ही समजूत सगळ्यांच्या सोयीची आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. इतकी वर्षं झाली, तरी तालुक्याच्या गावात पक्षाघाताच्या माणसाला डिस्चार्जच्या कागदावर 'व्यायाम करणे' एवढेच दोन शब्द मिळतात. प्रेम आमच्याकडे भरपूर होतं. डावं पाऊल मागे ठेवून उठायचं, हे प्रेमाला कसं कळणार?

मग ब्रेस आला. त्यासाठी आधी पायाचा प्लास्टरचा साचा काढला. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळताना तिथल्या माणसाने घोटा बरोबर काटकोनात धरून ठेवला होता, आणि कितीतरी दिवसांनी आईचं पाऊल सरळ दिसलं. त्या साच्यावरून पॉलिप्रॉपिलीनचा ब्रेस झाला, वेल्क्रोच्या पट्ट्यांचा. तो घालून आई पहिल्यांदा गल्लीत चालली तेव्हा पाय घासण्याचा आवाज आला नाही. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर आम्ही दोघीही एकमेकींकडे बघायला लागलो. त्या दिवसाचं सगळं श्रेय मी त्या पांढऱ्या प्लास्टिकला देते. पण ब्रेससोबत पुष्कळ काही आलं. आत सुती मोजा हवा, उन्हाळ्यात तो घामाने चिंब. काढल्यावर कातडीवर लाली बघायची आणि अर्ध्या तासात ती गेली नाही तर ब्रेस दुरुस्तीला न्यायचा, कारण टोचतंय हे आईला समजत नाही, जखम झाल्यावरच कळतं. ब्रेस मावायला एक माप मोठा बूट, तो बायकांत मिळत नाही म्हणून पुरुषांचा. साडीच्या निऱ्या चार बोटं वर घ्यायच्या, म्हणजे बूट पूर्ण दिसतो. आणि जोडवी. मुडपलेल्या बोटात जोडवी रुतायला लागली. ती काढायची म्हटल्यावर आई इतकी रडली की झटका आल्यावरही तेवढी रडली नव्हती. बाबा समोर जिवंत उभे, आणि जोडवी काढायची. शेवटी बाबांनीच ती काढली, साबण लावून, हळूहळू फिरवत. आता डाव्या पायाची जोडवी देवघरातल्या डबीत आहे आणि उजव्या पायाची पायात.

वास्तुशांतीनंतर मी या सगळ्याच्या मागे लागले आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली: पायावरचे बरेचसे उपाय बूट गृहीत धरतात. लोंबणारं पाऊल विजेने उचलायचं यंत्र १९६१ साली अमेरिकेत व्लादिमिर लिबर्सन यांनी केलं. कल्पना फार सुरेख आहे. टाच उचलली की खटका सुटतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेला वीज मिळते आणि पाऊल नेमक्या क्षणी वर येतं. तो खटका होता बुटात, टाचेखाली. कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पक्षाघातानंतरच्या चालण्याचे वेगावरून गट पाडले. सेकंदाला ०.४ मीटरहून कमी वेग असलेला माणूस घरापुरता चालणारा, ०.८ मीटरच्या वर गेला की बाहेर मोकळेपणी फिरणारा. मॅडम गल्लीत खडूने रेघा मारून आईचं हेच मोजतात. मोजमापाबद्दल माझी काही तक्रार नाही, रस्ता ओलांडायला वेग लागतोच. पण त्या उतरंडीत घर सगळ्यात खाली आहे, सगळ्यात सोपं म्हणून. आईच्या बाबतीत ते उलटं आहे. रस्त्यावर तिच्या पायात ब्रेस असतो, बूट असतो, हातात काठी असते. घरात उंबरा आहे, ओली मोरी आहे, देवघर आहे, आणि पाय उघडा आहे. तिची खरी परीक्षा चपला काढल्यावर सुरू होते.

असा विचार आपल्याकडे कुणी केलाच नाही असं नाही. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूर फूट घडवला. त्याआधीचे परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बुटात घालायचे असत, त्यांच्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी जाता येत नसे. लोक ते घेत आणि कोपऱ्यात ठेवून देत. जयपूर फूट रबराचा, पावलासारखाच दिसणारा, चिखलात चालणारा. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय तुटलेल्या माणसाचं घर कसं असतं, हे त्या दोघांनी आधी पाहिलं होतं. माझ्या आईचा पाय तुटलेला नाही, आहे तिथेच आहे, आणि म्हणूनच कदाचित तिच्या घराचं काय, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तपासण्यांच्या कागदांत तिचं वय होतं, रक्तदाब होता, स्नायूंच्या ताठरपणाचा आकडा होता. घरात पायात काही घालता का, हा प्रश्न कुठेच नव्हता.

मी हे मॅडमना एका दमात बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "काकू, अनवाणी कुठे कुठे जायचंय?" आईने जराही विचार न करता सांगितलं: देवघर, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. जणू यादी कधीची तयारच होती. दुसऱ्या दिवसापासून बेत बदलला. ब्रेस फक्त बाहेरसाठी. घरात क्रेप बँडेज, आठच्या आकारात, घोट्याभोवती आणि पुढच्या पावलाभोवती असं गुंडाळायचं की करंगळीकडची कड वर आणि बाहेर खेचली जाईल. टाच आणि तळव्याचा मागचा भाग उघडा राहतो. पहिल्यांदा ते बांधून आईला उभं केलं, तेव्हा मॅडम तिच्या डाव्या बाजूला चिकटून उभ्या होत्या, कमरेच्या पट्ट्यात हात घालून, आणि मी पुढे. आईने डावी टाच शहाबादी फरशीवर टेकवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गार आहे." मॅडमनी विचारलं, "नक्की? की फरशी गार असते म्हणून सांगताय?" आई म्हणाली, "नाही बाळा. लागतंय गार."

बाळा म्हणायला ती तिथूनच लागली.

याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पाऊल अजून आत वळतं, दमली की जास्तच. उंबरा ओलांडायला आधी चांगला पाय की वाईट पाय यावर आमच्या घरात रोज वाद होतो. मॅडमचं म्हणणं, चढताना आधी चांगला आणि उतरताना आधी वाईट. आईचं म्हणणं, देवघरात आधी उजवाच पडला पाहिजे. तिचा उजवाच चांगला आहे म्हणून देवघरात जाताना दोघींचं जमतं, बाहेर येताना जमत नाही. ओट्याशी ती आता उभी राहते, पोट ओट्याला टेकवून, डाव्या पायाखाली काथ्याचं पायपुसणं घेऊन, आणि एका हाताने आमटी ढवळते. माझ्या मनात भीती कायम असते. ब्रेसमध्ये ती सुरक्षित आहे हे मला कळतं, अनवाणी ती पडू शकते हेही कळतं, आणि तरी बँडेज बांधताना माझे हात जास्त आनंदाने चालतात. चुलतभावाने परवा पुन्हा जेवायला बोलावलं. आईने विचारलं, त्यांच्या टाइल्सवर बँडेज घसरेल का? मॅडम म्हणाल्या, घसरेल, तळव्याला रबर चिकटवलेला सुती मोजा शिवून बघू. त्याचं कापड आणून ठेवलंय.

न्हाणीघराचं मात्र अजून ठरत नाही. तिथे अनवाणी अजिबात नाही, रबरी मॅट आणि खुर्चीवरच आंघोळ, यावर मॅडम अडून आहेत. आई म्हणते, निदान शेवटचा तांब्या तरी मी उभी राहून घेणार. शनिवारी प्लंबर भिंतीला दांडा बसवायला येतोय. तो किती उंचीवर हवा, हे आईने तिथे उभं राहून हाताने दाखवायचं आहे, म्हणून मॅडमनी त्या दिवशी सकाळचीच वेळ दिली आहे.